उजवं शिंग

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर जरा कल्पना करा. सांगलीतलं एक मंगल कार्यालय आहे. दारावरच्या ज्या फळीवर एरवी थर्माकोलच्या अक्षरांत नवरा-नवरीची नावं लावतात, तिथं आज लिहिलंय : 'नभदुर्ग महामेळावा'. आत सनई नाही. कोणीतरी पिंपं बडवत असल्यासारखं संगीत चाललंय. आत जाणाऱ्यांच्या हातात अक्षता नाहीत, पण डोक्यावर शिंग आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर एकच. तुमच्याएवढी मुलं आहेत, तसेच दाढीमिशा फुटलेले, नोकरीधंद्याला लागलेले बाप्येही आहेत. त्यांच्या कमरेला स्पंजाच्या तलवारी आहेत आणि चेहऱ्यावर असा भाव, की आत गेल्या गेल्या राज्याभिषेकच व्हायचा आहे.

आणि या सगळ्यांच्या मध्ये, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात डब्याची पिशवी घेऊन एक म्हातारा उभा आहे. तो मी. शिंगं मोडून वासरांत शिरणं, ही म्हण मी जन्मभर शिकवली. तिथं मात्र सगळे शिंगं लावून वासरांत शिरले होते.

दिसलं का? आता माझ्या शेजारी एक मुलगी उभी करा. पाचवीतली, बारीक अंगाची, दोन वेण्या घातलेली. डोक्यावर कागदाच्या लगद्याचं शिरस्त्राण, त्याला चंदेरी रंग आणि उजव्या कानावर शिंग. तिचं नाव मृण्मयी आवटी.

मृण्मयी आमच्याच इमारतीत राहायची. तिची आई सुनंदा एसटीत कंडक्टर होती, त्यामुळं शाळा सुटली की पोरगी माझ्याकडे. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, नुकताच निवृत्त झालो होतो. शिकवायची सवय सुटली नव्हती आणि शिकायला समोर ही एकटीच. आमचं बरं जमायचं.

पण तिच्या डोक्यात माझ्या विज्ञानापेक्षा 'नभदुर्ग' फार. परदेशातली कार्टूनची मालिका होती ती, हिंदीत बोलणारी. ढगांत तरंगणारा एक किल्ला, त्यात शिंगवाली माणसं, आणि दारवानानं सांभाळलेली झेफा नावाची मुलगी. शत्रू आत शिरत असताना ती एकटी दार लावून धरते, त्यात तिचं एक शिंग तुटतं. ही गोष्ट मृण्मयीनं मला इतक्यांदा सांगितली होती, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितली असती. मालिका पैसे भरायच्या चॅनलवर लागायची. आवट्यांच्या घरी ते चॅनल नव्हतं. कोणीतरी तिचे भाग फुकटच्या व्हिडिओत टाकायचं, ते ही आईच्या तडा गेलेल्या फोनवर बघायची.

त्या किल्ल्याच्या भिंतींवर पाट्या असायच्या. त्यांवरची अक्षरं तिनं बघून बघून पाठ केली होती. "ही दुर्गलिपी आहे, आजोबा," असं म्हणून तिनं माझ्या कॅलेंडरवर किल्ल्याच्या वेशीवरची पाटी काढून ठेवली होती.

शाळेत तिला 'एकशिंगी म्हैस' म्हणायचे. मधल्या सुट्टीत ती एकटी डबा खायची. हे तिनं मला कधी सांगितलं नाही, तिच्या वर्गशिक्षिकेनं सांगितलं. म्हणून मेळाव्याची जाहिरात दाखवून ती म्हणाली, "आजोबा, तिथं सगळे झेफावालेच असणारेत. संध्याकाळी दुर्गफेरी निघते. सगळे रांगेनं स्टेजवरून चालतात आणि एकदम शपथ म्हणतात," तेव्हा मला नाही म्हणवेना. त्या रविवारी सुनंदाची जतच्या गाडीवर ड्युटी होती.

शिरस्त्राण आम्ही घरीच केलं. पालथ्या पातेल्यावर लगदा थापला, मेथीची पूड घातली, म्हणजे चिवटपणा येतो. शिंगाला पुठ्ठ्याची गुंडाळी आणि आतून नटबोल्ट.

"कुठल्या बाजूला?" मी विचारलं होतं.

"उजव्या. डावं तुटलंय ना तिचं," ती म्हणाली होती. आपल्या आजोबांना एवढंही कळू नये, अशा चेहऱ्यानं.

तर आम्ही दारात पोचलो. तेवढ्यात समोरून एक दाढीवाला, ताडमाड पोरगा आला. मृण्मयीला बघून तो थांबला, मूठ कानाशी नेली आणि चक्क वाकला.

"दुर्ग उभा आहे?"

"उभा आहे! दार राखलंय!" मृण्मयी ओरडली.

तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणारी मुलगी ती. तो पोरगा हसून पुढं गेला आणि ही माझा हात सोडून चालायला लागली. त्या गर्दीत लोकांना काय मिळत असेल, ते मला तेवढ्यापुरतं कळलं. अनोळखी माणसानं ओळखलं, एवढं.

पण तेवढ्यापुरतंच. पुढं जे दिसलं त्यानं माझ्या कपाळाला आठ्या पडल्या त्या दिवसभर गेल्या नाहीत. लग्नात आहेराचं टेबल असतं तिथं किल्ल्याच्या आकाराच्या किल्लीअडकवण्या आणि झेफाचे पाण्याचे पेले विकायला होते. त्या पेल्यानं पाणी गोड लागत असावं, अशी झुंबड. खांबाशी दोन इंजिनीअर भांडत होते. झेफाची तलवार ओली झाल्यावर जड होते की हलकी, यावर. एकाच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. यांच्या गल्लीतली गटार तुंबली असती तर यांतला एकही खिडकीपर्यंत आला नसता. एक बाई आपल्या तान्ह्या मुलाला शिंग बांधत होत्या, ते बिचारं भोकाड पसरत होतं आणि त्या म्हणत होत्या, "झेफा कधी रडते का? रडते का झेफा?"

आणि मग ते टेबल आलं.

सभागृहाच्या आतल्या दाराशी निळी चादर घातलेलं टेबल. त्यावर झेफाचं मोठं रंगीत चित्र, एक शाईची गादी, एक रबरी शिक्का आणि राखाडी फितींचा गठ्ठा. टेबलामागं केतकी नावाची कॉलेजातली मुलगी बसली होती. छातीवरच्या बिल्ल्यावर 'दुर्गपरीक्षक' असं होतं. तिनं तीन प्रश्न विचारायचे आणि पोशाख तपासायचा. पास झालेल्याच्या मनगटावर शिक्का, तो असला तरच दुर्गफेरीत चालायचं. नापास झालेल्याच्या दंडाला राखाडी फीत. म्हणजे तो नुसता प्रेक्षक.

"झेफाला कोणी वाढवलं?" केतकीनं विचारलं.

"दारवान मोराननं."

"झेफाच्या बैलाचं नाव?"

"धुकं. पण ती त्याला धुक्या म्हणते."

"सातवं दार कधी उघडतं?"

"कधीच नाही," मृण्मयी म्हणाली. "ते नुसतं भिंतीवर रंगवलंय. शत्रूला फसवायला."

केतकीच्या भुवया वर गेल्या. मागं रांगेतलं कोणीतरी "अरे वा" म्हणालं. केतकीनं शिक्का उचलला, शाईत दाबला आणि मग तिची नजर वर गेली.

"शिंग उजवीकडे कसं काय?"

"डावं तुटलंय म्हणून."

केतकीनं शिक्का खाली ठेवला. "उजवं तुटलं गं! हे बघ." तिनं चित्र मृण्मयीपुढं सरकवलं. चित्रातल्या झेफाचं शिंग डाव्या कानावर होतं. "मालिका बघितलीयस का, की नुसते चॉकलेटवरचे स्टिकर?"

रांगेत हसू फुटलं.

"बघितलीय! सगळे भाग बघितलेत!"

"डोळे मिटून बघितलेस वाटतं."

पुन्हा हसू. मृण्मयीनं चित्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पुढं झालो.

"अहो ताई, तिनं तिन्ही उत्तरं बरोबर दिली की."

"काका, नियम आहे."

तेवढ्यात मागून एक तरुण आला. अंगावर मखमली पडद्याचा झगा, डोक्यावर चांगलं जाडजूड चंदेरी शिरस्त्राण. हा या मेळाव्याचा मुख्य, हृषीकेश बिरनाळे. पण त्याला सगळे 'दुर्गपती' म्हणत होते आणि तो हाक आली की खरंच वळून बघत होता.

"काय झालं?"

"नकली आहे," केतकी म्हणाली.

दुर्गपती मृण्मयीपुढं गुडघ्यावर बसला. आवाजात मध घोळवून म्हणाला, "वाईट नाही वाटून घ्यायचं हं बाळ. प्रेक्षकांच्या खुर्च्यांतूनसुद्धा छान दिसतं." मग उठून मला म्हणाला, "आम्हाला दर्जा राखावा लागतो, काका."

"कशाचा?"

"चाहत्यांचा. हल्ली कोणीही येतं. शिंग लावलं की झाले दुर्गवासी!"

"पण तिला सगळं येतंय हो."

"उत्तरं पाठ करता येतात, काका. शिंग पाठ करता येत नाही."

मी उभा जन्म परीक्षा घेतल्या. कोणाला काय आलं हे बघायला परीक्षा असते, असा माझा समज. पण नापास झालेल्याचं तोंड बघून ज्यांना गुदगुल्या होतात, तेही परीक्षक मी पाहिलेत, आणि ते मला दुरून ओळखू येतात. फक्त त्यांनी झगा घातलेला तोवर पाहिला नव्हता.

"सुधारून ये," केतकी म्हणाली. "जेवणाच्या आत आलीस तर परत बघू." आणि तिनं मृण्मयीच्या दंडाला राखाडी फीत बांधली.

आम्ही बाजूला झालो. मृण्मयी रडली नाही. ती भिंतीवरच्या एका मोठ्या चित्राकडे बघत राहिली. चित्रात किल्ल्याची वेस होती आणि वेशीवर पाटी.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "ही दुर्गलिपी नाहीये."

मीही बघितलं. पाटीवर जरा नक्षीदार, पण सरळ इंग्रजी अक्षरं होती. माझ्या कॅलेंडरवर तिनं काढलेली पाटी माझ्या डोळ्यांपुढं आली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"चल," मी म्हणालो.

मंगल कार्यालयात हात धुवायची जागा असते ना, बेसिनची लांबलचक रांग आणि वर आरसे? तिथं तिला नेलं. तिच्या तळहातावर पेनानं किल्ल्याची पाटी काढायला सांगितली, ती ज्या लिपीत बघत आली होती त्या लिपीत. तिनं काढली. "आता हात आरशापुढं धर."

आरशात भिंतीवरच्या चित्रातली पाटी उमटली. जशीच्या तशी, सरळ इंग्रजीत.

मृण्मयी हाताकडे आणि आरशाकडे आळीपाळीनं बघत राहिली. तेवढ्यात शेजारच्या बेसिनवरून आवाज आला, "फुकटातले व्हिडिओ उलटे असतात, आजोबा."

दहावीतला असावा असा एक जाड चष्म्याचा मुलगा, शिरस्त्राण मांडीत घेऊन बेसिनच्या कठड्यावर बसला होता. हातात स्क्रू ड्रायव्हर. "कंपनीला सापडू नये म्हणून आरशासारखे फिरवून टाकतात. मी पण तेच बघितलेत. बाहेर सांगू नका बरं का."

मग माझं नीट लक्ष गेलं. त्या बेसिनांपाशी सगळीकडे तेच चाललं होतं. एक मुलगी सेफ्टीपिना तोंडात धरून शिंग उसवत होती. दोघं भाऊ एकमेकांच्या शिंगाला चिकटपट्टी लावत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. प्रत्येकजण आपलं उजवं शिंग काढून डावीकडे लावत होता आणि शेजारचाही तेच करतोय हे दिसतच नसल्यासारखा खाली मान घालून होता. आत हॉलमध्ये छाती काढून चालणाऱ्या त्या अख्ख्या फौजेतले कितीतरी असे बेसिनवरून सुधारून गेलेले होते तर! मला हसू आवरेना. सगळ्यांची चोरी एकच, आणि सगळ्यांना वाटतंय आपणच तेवढे चोर.

"म्हणजे मी बघितली ती झेफा खोटीय?" मृण्मयीनं विचारलं.

"आरशातली तू खोटी आहेस का?"

ती आरशात बघत राहिली.

"चल," मी म्हणालो, "जाऊन सांगू त्या झगेवाल्याला. विज्ञान आहे हे. तोंड बंद होईल त्याचं."

"नको."

"अगं, का?"

"फुकट बघते म्हणून हसतील. आणि..." ती तळहातावरची शाई पुसायला लागली. "आईला कळलं तर तिला वाटेल, तिनं चॅनल घेऊन दिलं नाही म्हणून असं झालं. तुम्ही शिंग फिरवा, आजोबा."

"तुला पटतंय का ते?"

"मला फेरीत चालायचंय."

दहावीतल्या मुलानं न मागता स्क्रू ड्रायव्हर पुढं केला. तो त्या कामात चांगला तरबेज झालेला दिसला. मी डाव्या बाजूला भोक पाडलं, बोल्ट फिरवला, शिंग घट्ट केलं. उजवीकडचं जुनं भोक त्यानं ओल्या कागदाचा बोळा कोंबून बुजवलं आणि वर स्केचपेन फिरवला. "लांबून कळत नाही," तो म्हणाला. मी एक शब्द बोललो नाही. खरं सांगतो मुलांनो, मनात मात्र पुष्कळ बोललो. त्या झगेवाल्याला बोललो, केतकीला बोललो आणि थोडं या पोरीलाही बोललो.

टेबलाशी या खेपेला दुर्गपती स्वतःच होता. त्यानं मृण्मयीच्या डोक्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं आणि प्रसन्न झाला.

"आता कशी खरी झालीस!"

राखाडी फीत निघाली. तो शिक्का घेऊन तिच्या मनगटावर वाकला. त्यामुळं त्याचं शिरस्त्राण आमच्या अगदी डोळ्यांपुढं आलं. त्याच्या उजव्या कानावर, चंदेरी रंगाखाली, एक गोल उंचवटा होता. मी घरची खिडकी-दारं स्वतः रंगवणारा माणूस. लांबी भरून बुजवलेलं भोक मला कळतं. मी मृण्मयीकडे बघितलं. तिची नजर बरोबर त्या उंचवट्यावर होती.

मनगटावर जांभळ्या शाईत झेफाचं डोकं उमटलं, डाव्या कानावर शिंग. ती त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिली.

"आणि आता तुझी पहिली सेवा," दुर्गपती म्हणाला. "किल्ल्यात नव्यानं आलेल्यानं दार राखायचं असतं. माहितीय ना?"

"माहितीय. झेफानं पण राखलं होतं."

"शाब्बास! आम्ही जरा येतो."

ते 'जरा' म्हणजे काय, ते मसालेभाताच्या वासावरून मला कळलं. परीक्षक मंडळी उठली, झगे सावरत जेवणघराकडे निघाली. नव्या पोरांच्या गळ्यात बिगारी घालून वर तिला सेवा म्हणायचं, ही युक्ती यांना कोणत्या मालिकेनं शिकवली देव जाणे. जाता जाता केतकीनं शिक्का आणि शाईची गादी पर्समध्ये टाकली.

"शिक्का?" मृण्मयीनं विचारलं.

"नव्यांकडे शिक्का देत नाही आम्ही. तू फक्त चुकीच्यांना फीत बांधायची. बरोबर असतील त्यांना थांबव, आम्ही आल्यावर बघू."

म्हणजे नाही म्हणायचा अधिकार पहिल्या दिवशी, हो म्हणायचा मात्र मागाहून. मी जवळच्या खुर्चीत बसलो आणि डबा उघडला. मृण्मयी टेबलामागं बसली, खुर्ची उंच, पाय लोंबकळत. पुढ्यात चित्र आणि फितींचा गठ्ठा. डोक्यावर डावं शिंग. दिसत होती अगदी त्यांच्यातली. मला पोळी गोड लागेना.

मग त्या दोघी आल्या.

मोठी मृण्मयीएवढी, धाकटी बालवाडीतली, बरोबर बुरखा घातलेल्या एक बाई. मिरजेहून आल्या होत्या. मोठीचं नाव शिफा सतारमेकर, धाकटी अलिना, आणि बाई त्यांची आत्या. दोघींच्या डोक्यावर जी शिरस्त्राणं होती तसली त्या अख्ख्या हॉलमध्ये दुसरी नव्हती. पुठ्ठा नाही, स्पंज नाही. वाळवलेल्या भोपळ्याची गोल कवटी, तिला एका बाजूनं निमुळतं होत वाकलेलं शिंग, आणि वर तांबूस, आरशासारखी झिलई.

"हे कशाचं गं?" माझ्यानं राहवलं नाही.

"सतारीचा भोपळा आहे," शिफा म्हणाली. "अब्बांनी केलं. त्यांचं सतारीचं दुकान आहे. सतारीला लावतात तेच पॉलिश आहे."

शिंग दोघींच्याही उजव्या कानावर होतं.

मृण्मयीनं ते बघितलं. तिनं घसा खाकरला आणि अगदी केतकीसारखं ताठ बसून विचारलं, "झेफाला कोणी वाढवलं?"

"मोराननं."

"बैल?"

"धुक्या!" धाकटी ओरडली.

"सातवं दार कधी उघडतं?"

"ते खरं दारच नाही," शिफा म्हणाली. "मला कळलं तेव्हा इतका राग आला होता! आम्ही दोघी वाट बघत होतो ते उघडायची."

"मी पण!" मृण्मयी म्हणाली आणि पुन्हा ताठ बसली. मग हळू आवाजात, "शिंग काढता येतं का?"

"का?"

"काढून दुसरीकडे लावता येतं का?"

"नाही. सरसानं चिकटवलंय. तोडलं तर निघेल." शिफानं शिंगावर हात ठेवला. "का, काय चुकलंय?"

आता तिच्या मागं रांग धरायला लागली होती. बेसिनवरून दहावीतला मुलगाही येऊन उभा राहिला होता. जेवणघरातून हसण्याचा आवाज आला. मृण्मयीनं तिकडं बघितलं. समोरच्या चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. माझ्या जिभेवर शब्द तयार होते. पण तिनं माझ्याकडे बघितलंच नाही.

तिनं फितींचा गठ्ठा उचलला. अलिनाचा चेहरा पडला. तिला फितींचा अर्थ माहीत नव्हता, पण लहान मुलांना असल्या गोष्टी आधी कळतात.

मृण्मयीनं गठ्ठा टेबलाखाली टाकला. चित्र पालथं घातलं.

"हात दे," ती शिफाला म्हणाली.

"शिक्का आहे?"

"आहे."

तिनं स्वतःचं मनगट तोंडाशी नेलं. एव्हाना त्याच्यावरची शाई वाळली होती. मांजरासारखी जीभ काढून तिनं ती ओली केली आणि मग आपलं मनगट शिफाच्या मनगटावर दाबून धरलं, घट्ट, डोळे मिटून.

हात उचलले तेव्हा शिफाच्या मनगटावर जांभळी झेफा होती. जरा फिकट. आणि आरशातल्यासारखी फिरलेली.

"अगं, हिचं शिंग उजवीकडे आलंय!" शिफा म्हणाली. "बरोबर आलंय!"

"हो," मृण्मयी म्हणाली. "बरोबर आहे. जा आत."

अलिना दोन्ही हात पुढं करून उभीच होती. मृण्मयीनं पुन्हा मनगट चाटलं, पुन्हा दाबलं. धाकटीची झेफा आणखी फिकट उमटली. मृण्मयीच्या मनगटावरचं चित्रही तेवढंच पुसट झालं. ते माझ्या ध्यानात आलं तसं दहावीतल्या मुलाच्याही आलं.

"ए, जपून," तो म्हणाला. "तुझाच जाईल शिक्का. मग तुला फेरीत घेणार नाहीत."

मृण्मयीनं आपल्या मनगटाकडे बघितलं. झेफाचं डोकं अजून दिसत होतं, शिंग मात्र जेमतेम. रांग बेसिनपर्यंत गेली होती. त्यातल्या दोघातिघांनी हातातली शिंगं पुन्हा उजवीकडे लावायला घेतली होती. जेवणघराच्या दारात झग्याची मखमल दिसायला लागली.

मृण्मयीनं डोक्यावरचं शिरस्त्राण काढून टेबलावर ठेवलं. बोटानं तो कागदाचा बोळा टोकरून काढला, खाली टाकला. मग मनगट पुन्हा जिभेला लावलं आणि मोठ्या आवाजात, मघाच्या दारातल्या त्या आवाजात म्हणाली, "पुढचं कोण?"